बाराव्या ओळीतला निळा

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या दोन कारखान्यांच्या मधे एक बसकी पांढरी इमारत आहे. बाहेरून बघाल तर गोदाम वाटेल. तिथे नव्या औषधांचा शोध घेतात असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, म्हणजे गोळ्या बनवतात ना? मी म्हटलं, नाही हो, गोळ्यांच्या आधीचं. ज्याची गोळी बहुतेक कधी होणारच नाही, ते आम्ही तपासतो. वडिलांनी सगळी हयात उधन्यात यंत्रमागावर काढलेली. जे काम मीटरमध्ये मोजता येत नाही ते त्यांना काम वाटायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि पंख्याखाली जाऊन बसले.

काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते. तिच्यात शहाण्णव खळगे: आडव्या आठ रांगा, उभ्या बारा ओळी. प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन ठेवायचं, त्यावर जंतू सोडायचे. आमचे जंतू म्हणजे क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद. दोन दिवस ते उबेत ठेवायचे आणि मग प्रत्येक खळग्यात मोजून निळा रंग घालायचा. जंतू जिवंत असतील तर ते त्या रंगाला गुलाबी करतात. मेले असतील तर निळा निळाच राहतो. थोडक्यात, निळं म्हणजे आशा आणि गुलाबी म्हणजे चला, पुढचं बघा. आमचे दिवसचे दिवस गुलाबी जायचे.

क्षय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझे काका मागावरच होते, धुळ्याकडून वडिलांच्या पाठोपाठ आलेले. त्यांना एकदा औषध लागू पडलं, दुसऱ्यांदा पडलं नाही. शेवटी शेवटी गोळ्यांनीच त्यांचे कान गेले. मी तेव्हा कॉलेजात होते. ते गेल्यावर काकूने मला विचारलं होतं, तू एवढी शिकतेस, याच्यावर दुसरं औषध नाही का गं?  या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा मी काकूकडे घेऊन गेले.

तपासणीच्या टेबलावर आम्ही दोघी होतो. दुसरी बारडोलीची, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिला सगळे नुसतं बेन म्हणत, मीही म्हणत असे. ती गुजरातीत बोलायची, मी मराठी, गुजराती आणि हिंदीची भेळ करून उत्तर द्यायची. इमारतीत आल्याच्या पहिल्या दिवशी मला हातमोजे कसे काढायचे तेही येत नव्हतं, ते तिने शिकवलं. मी स्वभावाने भांडकुदळ. भांडाराचा माणूस सामान वेळेवर देत नाही म्हणून मी त्याच्या अंगावर जायची आणि बेन मला मागून ओढायची. चिकनगुनिया झाल्यापासून तिची बोटं थंडीत सुजायची आणि हात किंचित थरथरायचा. म्हणून आम्ही आपसात काम वाटून घेतलं होतं. जंतू सोडायचे ते ती, कारण त्याला बारीक नजर लागते. रंग घालायचा तो मी, कारण त्याला अंगठ्याचा जोर लागतो. कागदावर मात्र दोघींच्या सह्या असायच्या. कोणी काय केलं असा रकाना त्या कागदावर नव्हताच.

रंग घालायचं पिपेट, म्हणजे मापाची नळी, असं असतं की एकदाच भरून घ्यायचं आणि बटण दाबत दाबत बारा खळग्यांत रंग सारखा सारखा सोडायचा. बारा झाले की आत थोडा उरतो. तो टाकून द्यायचा असतो, कारण तो मोजलेला नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहितीपत्रकात छापलेलं होतं, पण ते खणात तळाशी होतं आणि मी कधी काढून वाचलं नाही. मी तो उरलेला रंग शेवटच्या खळग्यात सोडून मोकळी व्हायची.

यात माझं डोकं असं काही चाललेलं नव्हतं. आमच्या घरी सहा माणसं आणि एक पातेलं. आई वाढत वाढत यायची आणि शेवटच्या ताटात पातेलं खरवडून घालायची. शेवटचा असतो त्यालाच कमी पडतं, म्हणून खरवड त्याची. हा कोणी सांगितलेला नियम नव्हता, पण आमच्यात कोणी भांड्यात घास ठेवून भांडं धुवायला टाकलं तर आई दिवसभर बोलून दाखवायची. तिची लेक महागाचा रंग नळीत ठेवून कचऱ्यात टाकेल? कधीच नाही. रोज आठ रांगा, रोज आठ वेळा मी बाराव्या ओळीला खरवड वाढत होते. वर मनातून खूश, की माझ्या हातून थेंब वाया जात नाही.

रंग जास्त झाला की जंतूंना तो सगळा गुलाबी करता येत नाही. थोडा निळा मागे उरतो. एवढीच ती गोष्ट.

तर एक रसायन निळं राहिलं. पहिल्यांदा थोडं, दुसऱ्यांदाही थोडं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, त्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं, पुन्हा निळं. रसायनं प्लेटमध्ये क्रमांकाने बसायची, त्यामुळे त्याची जागा ठरलेली, बाराव्या ओळीत वरून तिसरी. प्रत्येक वेळी ते तिथेच बसलं आणि प्रत्येक वेळी निळं राहिलं. एकदा चूक केली तर चूक म्हणतात. तीच दहा वेळा केली की तिला लोक पुरावा म्हणायला लागतात. सरांचा आनंद चेहऱ्यावर दिसत नसे, पण त्या दिवसांत ते आमच्या टेबलापाशी येऊन उगाच उभे राहायचे. वरच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी त्या एका रेणूची कितीतरी भावंडं बनवली. दीड वर्ष इमारतीत दुसरं काही बोलणं नव्हतं. आणि मी, तोंडाची फाटकी, काकूला जाऊन सांगून आले की आमच्याकडे क्षयावर नवं औषध सापडतंय. तिने देवापुढे साखर ठेवली.

मग रोबो घ्यायचं ठरलं. रोबो म्हटल्यावर दोन पायांचा बाबा डोळ्यांपुढे येतो. हा तसा नव्हता. काचेच्या पेटीत आडव्या रुळाला टांगलेला एक हात, त्याला आठ नळ्या, आणि तो मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे सरकत थेंब सोडणार. न थकता, न बोलता. सरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की दोघींपैकी एकीला रोबोवर शिकवतील आणि दुसरीला बाटल्या धुवायच्या आणि नोंदींच्या खोलीत जावं लागेल. कोणाला कुठे, ते नंतर ठरणार होतं.

रोबोच्या आधी पुण्याहून एक संख्याशास्त्रवाला आला. तिशीतला, मूळचा वऱ्हाडी, प्रत्येक वाक्यात बाप्पा. त्याला जुने सगळे आकडे हवे होते, कारण यंत्राचे आकडे चांगले की वाईट हे कशाशी तरी ताडून बघायला लागतं. चार दिवस तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. मी त्याला चिडवायचे की आकडे उकडून खाताय का. पाचव्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवर एक चित्र दाखवलं. दीड वर्षाच्या सगळ्या प्लेटा त्याने एकमेकींवर ठेवल्या होत्या आणि प्रत्येक जागेची सरासरी काढली होती. अकरा ओळी फिक्या गुलाबी. बारावी ओळ वरपासून खालपर्यंत निळसर.

तो शांतपणे म्हणाला की औषधाला काय माहीत आपण कुठल्या ओळीत बसलोय? गुण औषधाचा असता तर तो चार ठिकाणी विखुरलेला दिसला असता. हा गुण जागेचा आहे. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. ज्या खळग्यांत औषधच नसतं, नुसते जंतू असतात, ते आमचे साक्षीदार. ते सगळे आम्ही पहिल्या दोन ओळींत बसवले होते. उजवीकडे काय चाललंय ते सांगायला तिथे कोणी नव्हतंच. आता रोबो प्रत्येक रसायनाला दर वेळी वेगळ्या जागी बसवणार होता आणि साक्षीदार प्लेटभर पेरणार होता. आधीच असं केलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तेवढा तो भला माणूस होता.

सरांनी विचारलं की बाराव्या ओळीतच असं का व्हावं. तो म्हणाला दोन कारणं असू शकतात: एक तर शेवटी जंतू कमी पडतात, नाहीतर शेवटी रंग जास्त पडतो. हातातला फरक आहे, पण कोणत्या हातातला?

"आकडे जागा सांगतात, बाप्पा," तो म्हणाला. "माणूस नाही सांगत."

मला त्याच क्षणी कळलं. डोक्यात लख्ख झालं की खरवड. मी खुर्चीची पाठ धरली. त्याच वेळी खोलीतले सगळे बेनच्या हातांकडे बघत होते.  तिने हात ओढणीखाली घेतले.

मी तोंड उघडलं नाही. एरवी रिक्षात चौथा माणूस बसवला तर मी उधना दरवाजाचा अख्खा चौक डोक्यावर घेते, आणि तिथे मी मिठाची गुळणी धरून बसले. स्वतःला सांगितलं की आधी खात्री करते, मग बोलते. खोटं होतं ते. खात्री मला होती. मला रोबो हवा होता. बाटल्यांच्या खोलीत मला जायचं नव्हतं. काकूच्या देवापुढची साखर माझ्या चुकीमुळे होती हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी उरलेला रंग निमूट कचऱ्यात टाकायला लागले, आणि टाकताना कोणी बघतंय का ते बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

दोन दिवसांनी सरांनी बेनला बोलावून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं की सर चांगलं बोलले, रागावले नाहीत, म्हणाले आजारपणानंतर हात दमतो, शेवटच्या खळग्यापर्यंत जंतू कमी पडत असतील, यात तुमचा दोष नाही. पुढच्या सोमवारपासून तिला बाटल्यांच्या खोलीत जायचं होतं. मी म्हटलं, अरेरे. मला माझ्या त्या अरेरेची आजही शिसारी येते.

घरी मी इतकी गप्प झाले की आईने जेवताना विचारलं, "काय व्हयनं तुले? तू भांडस बी नही." मी म्हटलं डोकं दुखतंय. तिने माझ्या ताटात आणखी थोडी खिचडी घातली.

आठव्या दिवशी, शनिवारी, बेनने मला टेबलापाशी बोलावलं. सोमवारपासून मी एकटी असणार, रोबो सुरू होईपर्यंत जंतू सोडायचं कामही माझ्याकडे येणार, म्हणून ते ती मला शिकवत होती. प्रत्येक रांग भरायच्या आधी बाटली हलकेच फिरवून घ्यायची, कारण जंतू खाली बसतात. घाई करायची नाही. ती एकेक गोष्ट करून दाखवत होती आणि तिचा हात थरथरत होता, पण थेंब नेमका जागच्या जागी पडत होता. मग ती म्हणाली, "सर म्हणतात माझ्याकडून शेवटी कमी पडतं. तू नीट कर."

मी पिपेट खाली ठेवलं आणि हातमोजे काढून सरळ सरांच्या खोलीत गेले. दार वाजवायचंही राहिलं. उभ्या उभ्याच सांगितलं की बेनचा काही संबंध नाही, रंग मी घालते, उरलेला शेवटच्या खळग्यात मीच सोडत होते, पहिल्या दिवसापासून.  सरांनी विचारलं, साधारण किती उरतो? मी सांगितलं. त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतलं आणि त्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दीड वर्षाचं मी बघतो," ते म्हणाले. "ते कामाच्या पद्धतीतलं होतं, आणि पद्धत माझी होती. आठ दिवसांचं तू बघ."

बाटल्यांच्या खोलीत मी गेले. ती शिक्षा होती असं सर म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. बेन रोबोवर शिकली. कॉम्प्युटरवर इंग्रजी सूचना यायच्या तेव्हा ती त्या वहीत गुजरातीत उतरवून घ्यायची, आणि महिनाभरात तिला त्या पेटीचा आवाज नुसता ऐकून कळायला लागलं की कुठली नळी अडकली आहे. काम वाढलं तेव्हा सात-आठ महिन्यांनी मलाही परत टेबलावर घेतलं.

मी बाटल्यांच्या खोलीत असतानाच ते रसायन रोबोने पुन्हा तपासलं. प्रत्येक प्लेटमध्ये वेगळ्या जागी, भोवती साक्षीदार पेरलेले. वऱ्हाडी पाहुणा मुद्दाम पुण्याहून आला होता. सरांनी मलाही बोलावून घेतलं. प्लेटा बाहेर आल्या आणि दिव्यावर ठेवल्या. सगळीकडे गुलाबी. कुठे कुठे किंचित जांभळट झाक होती, कारण त्या रेणूत स्वतःचा थोडासा गुण होता. बाकीचं सगळं माझ्या हातचं होतं. वरच्या मजल्यावरून उतरलेली रसायनवाली मुलगी, जिने त्याची भावंडं बनवली होती, ती प्लेट वाकडी करून करून बघत राहिली. मग ठीक आहे म्हणाली आणि जिना चढून गेली. मला त्या दिवशी काका मेले तेव्हा आलं होतं त्याहून जास्त रडू आलं, आणि त्याची मला लाजही वाटली.

काकूला मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, असू दे, पुन्हा सापडेल. तिला वाटलं वस्तू हरवली आहे.

काकूकडे जायच्या आधी, प्लेटा बघितल्या त्याच संध्याकाळी, मी बेनला गाठलं. ती बारडोलीच्या बसची वाट बघत फाटकाबाहेरच्या बाकावर बसली होती. सरांना सांगितल्यापासून आमचं कामापुरतं बोलणं चालू होतं, पण त्या विषयावर ती काही बोलली नव्हती आणि मलाही तोंड नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, माझ्यामुळे सगळ्यांनी तुमच्या हातांवर संशय घेतला. तिने पर्समधून एक शाळकरी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

वहीत आकड्यांच्या ओळी होत्या. भिंतीवर ते चित्र दाखवलं त्याच संध्याकाळी ती अर्धा तास मागे थांबली होती. आमच्याकडे अगदी बारीक वजनाचा काटा आहे. त्यावर तिने आपल्या पिपेटने पाण्याचे बारा थेंब एकामागून एक टाकले होते आणि प्रत्येकाचं वजन लिहिलं होतं. मग पुन्हा बारा. मग पुन्हा बारा. पानंच्या पानं. प्रत्येक पानाला काट्याची छापील चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली. मला आता असे आकडे वाचता येतात. पहिला थेंब आणि बारावा थेंब यांत काही फरक नव्हता. थरथरणाऱ्या हाताने तिने ते सिद्ध केलं होतं, संख्याशास्त्रवाल्याने मान डोलवावी इतक्या चोख पद्धतीने.

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. "मग सरांना का नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर उरलं कोण?" ती म्हणाली.

रस्त्यावरून रंगाच्या पिंपांचा टेम्पो गेला.  मग मी विचारलं, मला माफ केलंत का?

तिने विचार केला. तोंडदेखलं उत्तर द्यायची तिला सवय नाही. म्हणाली, "थेंबाचं त्याच दिवशी केलं. ते अजाणता होतं. पण ते आठ दिवस तू रोज माझ्यासमोर बसून जेवलीस. त्याचं मला अजून जमत नाही."

बस आली. तिने वही परत पर्समध्ये ठेवली आणि चढून खिडकीशी बसली. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. आम्ही अजून एकाच टेबलावर काम करतो, रोबोची प्लेट बाहेर आली की दोघी वाकून बघतो. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.